गिनीपिगवर गजकर्णाचं मॉडेल कसं सेट करायचं (पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी)

मॉडेल म्हणजे औषध तपासण्यासाठी प्राण्याच्या कातडीवर मुद्दाम बुरशी लावून उठवलेलं गजकर्ण. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकीचं सगळं तिच्याच भोवती फिरतं: गिनीपिगचं गजकर्ण आपोआप बरं होतं. औषध लावा, नका लावू, नुसतं व्हॅसलीन चोळा, साधारण महिना-सव्वा महिन्यात त्याची कातडी साफ होते आणि केस परत येतात.

हे मला पुस्तकात वाचून माहिती होतं, पण समजलं नव्हतं. आमच्या पहिल्या बॅचला मी दहाव्या दिवसापर्यंत थांबलो, का तर चट्टे एकदम फोटोत दाखवण्यासारखे झाले होते, लालभडक, पापुद्रे सुटलेले, थिसिसमध्ये मस्त दिसतील असे. मग दोन आठवडे ट्रीटमेंट, आणि शेवटी रीडिंग घेतलं तर टाकळ्याच्या जेलवाला (तेच आम्ही तपासत होतो) ग्रुप साफ, टर्बिनाफाइनवाला (बुरशीचं नेहमीचं औषध) साफ, नुसत्या बेसवाला (टाकळा न घातलेलं जेल) साफ आणि ज्यांना काहीच लावलं नव्हतं ते पण जवळजवळ साफ. गाइडनी टेबल बघितलं आणि एवढंच विचारलं, "मग तुझ्या जेलनी केलं काय?" तीस प्राणी आणि चार महिने, उत्तर काहीच नाही. म्हणून हे लिहितोय, तुमचे तरी प्राणी वाया जाऊ नयेत.

प्राण्याची गरज आहे का ते आधी ठरवा

एम.फार्मला आणि मायक्रोच्या पीएचडीला दरवर्षी कोणीतरी टाकळा, कडुलिंब, करंज, दादमर्दन यातलं काहीतरी घेऊन जेल बनवतो आणि थेट अ‍ॅनिमल हाउसचा रस्ता धरतो. थांबा जरा. तुमचं द्रव्य प्लेटवर बुरशी मारतं का, किती कॉन्सन्ट्रेशनला मारतं, नुसती वाढ थांबवतं की खरंच मारतं, जेलमधून ते बाहेर येतं का, हे सगळं प्राण्याशिवाय कळतं. एमआयसी काढा, म्हणजे बुरशीची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा. ऑपरेशनमध्ये काढून टाकलेली माणसाची कातडी किंवा लॅबमध्ये वाढवलेली कातडी मिळत असेल तर तिच्यावर बघा. मेणकिड्याच्या अळ्या पण वापरतात लोक, त्यांना सुईने बुरशी टोचतात आणि किती दिवस जगतात ते मोजतात, स्ट्रेन (म्हणजे बुरशीचा तो विशिष्ट वाण) किती जहाल आहे याचा अंदाज त्यातून येतो, पण अळीला केस नाहीत आणि आपल्यासारखी कातडी नाही, त्यामुळे क्रीम चालतं की नाही याचं उत्तर अळी देणार नाही. २०२३ मध्ये आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांच्या नियमातही दुरुस्ती होऊन प्राण्यांशिवायच्या पद्धतींना जागा मिळाली आहे, म्हणजे कमिटी हा प्रश्न विचारणारच.

प्राणी लागतो तो अशा वेळी, जेव्हा प्रश्न असा असतो: जिवंत कातडीवर, जिथे सूज येते, पेशी धावून येतात, केस वाढतो, पापुद्रा पडतो, तिथे लावलेलं किंवा पोटातून दिलेलं औषध केसाच्या मुळापर्यंत पोचतं का? याचं सगळ्यात भारी उदाहरण जुनं आहे. ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य १९३९ मध्येच सापडलेलं होतं, पण माणसाच्या गजकर्णावर ते वापरायचं कोणाच्या डोक्यात नव्हतं. १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्सनी गजकर्ण झालेल्या गिनीपिगना ते तोंडावाटे दिलं आणि गिनीपिग बरे झाले. पोटात दिलेलं औषध कातडीवरची बुरशी काढू शकतं हे कुठल्याही प्लेटवर दिसलं नसतं.

परवानगी

आपल्याकडे प्राण्यांवरचा प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली येतो. केंद्राची जी समिती आहे तिला आधी सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए म्हणतात, जुने लोक अजून जुनंच नाव घेतात. तुमच्या संस्थेचं अ‍ॅनिमल हाउस तिथे रजिस्टर्ड पाहिजे आणि गिनीपिगसारख्या छोट्या प्राण्यांसाठी संस्थेच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे आयएईसीची मंजुरी लागते. त्यासाठी फॉर्म बी. कमिटीत व्हेट (प्राण्यांचा डॉक्टर) असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, विज्ञानाशी संबंध नसलेली एक व्यक्ती असते आणि केंद्राचा नॉमिनी असतो. त्या विज्ञानाबाहेरच्या मॅडमना कमी समजू नका, आमच्याकडे सगळ्यात अवघड प्रश्न त्यांचाच होता: "तीसच का? चोवीस का नाही?"

त्याचं उत्तर तयार ठेवा. मी पाच ग्रुप धरतो: फक्त कातडी घासलेला पण बुरशी न लावलेला, बुरशी लावून काहीच न केलेला, बुरशी लावून नुसता बेस लावलेला, टर्बिनाफाइन १ टक्का क्रीमवाला आणि आपल्या जेलवाला. प्रत्येकी सहा म्हणजे तीस. सहाच का, हे पायलटमधल्या (आधी केलेल्या छोट्या चाचणीतल्या) स्कोअरच्या फरकावरून काढा, "सगळे सहाच घेतात" असं लिहू नका. बेसवाला ग्रुप काटकसर म्हणून गाळायचा मोह होतो, तो गाळू नका. जेलच्या बेसमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, प्रिझर्व्हेटिव्ह, अल्कोहोल काय काय असतं, ते स्वतःच थोडीफार बुरशी दाबतं, आणि मग श्रेय टाकळ्याला जातं.

गिनीपिगच का, उंदीर का नाही

तुम्हाला औषध तपासायचं असेल तर गिनीपिग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनो ब्लॉख यांनी गिनीपिगवरच दाखवलं होतं की एकदा गजकर्ण होऊन बरं झालं की दुसऱ्यांदा तीच बुरशी लावली तर रोग नीट चढत नाही. त्याचा आपल्यासाठी सरळ अर्थ: वापरलेला प्राणी परत वापरायचा नाही. कोणी म्हणेल मागच्या बॅचचे बरे झालेले आहेत, त्यांच्यावरच करून टाक, तर नाही.

उंदीर कधी घ्यायचा? जेव्हा प्रश्न इम्युनिटीचा आहे. उंदरासाठी अँटीबॉडी, नॉकआउट जाती (एखादा जीन बंद केलेल्या) सगळं बाजारात मिळतं, गिनीपिगसाठी यातलं फारच थोडं मिळतं. इंटरल्युकिन १७ या बचावपेशींच्या निरोप्या प्रथिनाचा रस्ता कातडीवरची बुरशी कशी आवरतो हे कळलं ते उंदरांमुळे. पण उंदरात एक गोम आहे. ही बुरशी केसात शिरते ती केस वाढत असतानाच, कारण तिला मुळाजवळचं नुकतं घट्ट होत असलेलं केरॅटिन लागतं. काळ्या सी५७ उंदराची पाठ भादरून बघा, कातडी गुलाबी असेल तर केस झोपलेले आहेत, करडी-काळपट असेल तर वाढताहेत. केस उपटले की नवी वाढ सुरू होते, भादरले तर होत नाही. हे न बघता बुरशी लावली तर अर्ध्या उंदरांना होतं, अर्ध्यांना होत नाही, आणि मग आपण स्ट्रेनला शिव्या देत बसतो.

बुरशी कुठली

इथे बहुतेक लोक फसतात. माणसात सगळ्यात गाजलेली ट्रायकोफायटॉन रुब्रम, म्हणून ती घेतात. ती माणसाची बुरशी आहे, माणसाच्या कातडीवर वर्षानुवर्षं गुपचूप राहायला शिकलेली, गिनीपिगवर ती नीट धरतच नाही. ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिसचा प्राण्यांकडून आलेला स्ट्रेन किंवा मांजरांकडून येणारी मायक्रोस्पोरम कॅनिस घ्या, या दोन्ही गिनीपिगवर छान चढतात. स्ट्रेन पुण्यात एनसीएल या प्रयोगशाळेच्या एनसीआयएम या जंतुसंग्रहाकडे, चंडीगडला एमटीसीसी या संग्रहाकडे किंवा तिथल्याच पीजीआय रुग्णालयाच्या बुरशी संग्रहाकडे मागता येतात.

आणि आता आपल्याकडचा खरा प्रश्न. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जांघेतलं, कमरेवरचं गजकर्ण महिनोन्महिने न हटणारं झालंय, घरातल्या सगळ्यांना होतंय, आणि मेडिकलमधून विनाचिठ्ठी मिळणाऱ्या क्लोबेटासॉल (जोरदार स्टेरॉइड) मिसळलेल्या क्रीमनी त्याची वाट लावली आहे. त्यामागची बुरशी बऱ्याच वेळा ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असते, हे नाव २०२० मध्ये जपानी संशोधकांनी दिलं, नेपाळी आणि भारतीय पेशंटकडून मिळालेल्या स्ट्रेनवरून. तिच्यातले बरेच स्ट्रेन टर्बिनाफाइनला दाद देत नाहीत, कारण टर्बिनाफाइन ज्या एन्झाइमला धरतं त्या स्क्वालीन इपॉक्सिडेजमध्येच बदल झालेला असतो, ३९७ व्या जागी फेनिलअ‍ॅलॅनिनच्या ऐवजी ल्युसिन हा त्यातला नेहमीचा. डोळ्यांनी किंवा मायक्रोस्कोपखाली इंडोटिनी आणि मेंटाग्रोफायटिस वेगळ्या ओळखता येत नाहीत, आयटीएस सिक्वेन्सिंग (बुरशीच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचणं) करावंच लागतं.

याचा मॉडेलशी काय संबंध? तुम्ही स्किन ओपीडीतून आणलेला स्ट्रेन "मेंटाग्रोफायटिस" म्हणून लावला, तो निघाला इंडोटिनी आणि वर रेझिस्टंट, तर तुमचा टर्बिनाफाइनचा ग्रुप सुधारणार नाही, तुमचं जेल मात्र हिरो दिसेल, आणि रिव्ह्यूअर पहिल्याच फटक्यात विचारेल की स्टँडर्ड का फेल झालं. म्हणून प्राण्याला हात लावायच्या आधी त्याच स्ट्रेनची टर्बिनाफाइन आणि इट्राकोनाझोल (बुरशीचं दुसरं औषध) यांची एमआयसी हातात पाहिजे. पेशंटचा स्ट्रेन असेल तर माणसांच्या एथिक्स कमिटीचं पत्र वेगळं, ते विसरू नका. आणि असा ताजा स्ट्रेन गिनीपिगवर चढतो का, हे दोन-तीन प्राण्यांच्या पायलटमध्ये बघूनच पुढे जा.

प्राणी आल्यावर

हार्टली जातीचे पांढरे गिनीपिग, ४०० ते ५०० ग्रॅमचे, सगळे एकाच लिंगाचे. पांढरे यासाठी की लाली दिसते. आल्या आल्या प्रयोग नाही, निदान आठवडाभर रुळू द्या. आणि या दिवसांत एक काम करा जे बरेच जण करत नाहीत: प्रत्येकाच्या अंगावरून स्टराइल टूथब्रश फिरवा आणि तो ब्रश प्लेटवर टेकवा. गिनीपिगना मुळातच गजकर्ण असू शकतं, वरून काहीच दिसत नाही आणि अंगावर बुरशी असते. असा एक जरी प्राणी कंट्रोल ग्रुपमध्ये गेला तरी पुढचं सगळं बोंबललं.

खाण्याचं म्हणाल तर गिनीपिगला माणसासारखंच व्हिटॅमिन सी बाहेरून लागतं, ते कमी पडलं की जखमा भरत नाहीत, कातडी खराब होते, आणि तुम्हाला वाटतं बुरशीनेच झालं. अ‍ॅनिमल हाउस सांभाळणारे आमचे मामा रोज सकाळी लसूणघास आणि कोबीची पानं घालायचे, एक आठवडा घास मिळाला नाही तर तिसऱ्याच दिवशी म्हणाले, "सर, ही गप झालीत." खरंच वजन उतरलेलं होतं. मामांचं ऐका, ते प्राणी रोज बघतात, आपण फक्त स्कोअर करायला जातो.

इनॉक्युलम (प्राण्याला लावायचं बीजाणूंचं द्रावण)

सॅबुरो अगारवर किंवा पीडीएवर (बुरशी वाढवायची माध्यमं) २८ ते ३० डिग्रीला दहा-चौदा दिवस वाढवा. कॉलनीचा पृष्ठभाग पिठासारखा, रवाळ पाहिजे, त्यात बीजाणू भरपूर असतात. तीच तीच कल्चर पुढे पुढे करत राहिलात तर ती पांढरी कापसासारखी होत जाते, दिसायला सुंदर पण बीजाणू जवळजवळ शून्य आणि प्राण्यावर चढत नाही. असं झालं तर फ्रीजरमधला जुना स्टॉक काढा, ओढाताण करू नका.

सलाइनमध्ये थोडं ट्वीन ८० (साबणासारखं द्रव्य) टाकून प्लेटवर ओता, हलक्या हाताने खरवडा, मग स्टराइल गॉजच्या चार पदरांतून गाळा म्हणजे धागे वर राहतात आणि बीजाणू खाली येतात. आता मोजणी. प्रत्येक प्राण्याला ०.१ मिलीमध्ये एक कोटी बीजाणू द्यायचे असतील तर सस्पेन्शन मिलीला दहा कोटीचं पाहिजे. ते १:१०० डायल्यूट करून न्यूबॉअर चेंबरमध्ये (मोजणीसाठी चौकोन आखलेल्या काचेत) बघा, कोपऱ्यातल्या एका मोठ्या चौकोनात सरासरी १०० आले तर १०० गुणिले दहा हजार गुणिले १००, म्हणजे बरोबर दहा कोटी. ६० आले तर सेंट्रिफ्यूज करून घट्ट करा. आणि त्याच सस्पेन्शनचा थोडा भाग प्लेटवर पण टाका, कारण चेंबरमध्ये मेलेले बीजाणू पण मोजले जातात. मोजल्यावर दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग लावलं असं नको, त्याच दिवशी लावा, आणि मधून मधून ट्यूब हलवत राहा, बीजाणू तळाशी बसतात, नाहीतर पहिल्या प्राण्याला कमी आणि शेवटच्याला सगळा गाळ.

लावण्याचा दिवस

भूल व्हेटच्या देखरेखीखाली, केटामिन-झायलाझिन किंवा सोय असेल तर आयसोफ्ल्युरेन. डोस व्हेट ठरवेल, सीनियरच्या वहीतून उतरवू नका. गिनीपिगला रात्रभर उपाशी ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती बंद करा, त्याचं पोट सतत चालू लागतं. भुलेत असताना खाली गरम पॅड, डोळ्यात जेल.

पाठीवरचे केस आधी क्लिपरने, मग रेझरने काढा, साधारण अडीच बाय अडीच सेंटिमीटरचा चौकोन मार्करने आखा. केस काढायचं क्रीम वापरू नका, ते स्वतःच कातडी लाल करतं आणि ती लाली तुमच्या स्कोअरमध्ये घुसते. मग ऑटोक्लेव्ह केलेला बारीक पॉलिश पेपर, हार्डवेअरवाल्याकडे मिळतो तोच, हलक्या हाताने फिरवायचा. किती? कातडी चमकदार गुलाबी होईपर्यंत, रक्ताचा ठिपका दिसायच्या आत थांबायचं. रक्त आलं म्हणजे ती जखम झाली, मग तुम्ही जखम भरण्याचा अभ्यास करताय, गजकर्णाचा नाही. हा हात बसायला वेळ लागतो म्हणून सगळ्या तीस प्राण्यांना एकाच माणसाने घासावं. मी घासतो तेव्हा मोजून घासतो, एका दिशेने दहा आणि आडवे दहा, पेपर प्रत्येकाला नवीन.

मग ०.१ मिली सस्पेन्शन पिपेटने टाकून ग्लोव्ह घातलेल्या बोटाने किंवा टिपने पसरवा, वाळू द्या, प्राणी शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसा. वेदनाशामक व्हेट सांगेल ते. पुढे कधी त्या जागी पू झाला तर स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक देऊ नका, पेनिसिलिन-अ‍ॅम्पिसिलिनसारख्या औषधांनी गिनीपिगच्या आतड्यातले जंतू बिघडतात आणि प्राणी मरतो.

ट्रीटमेंट कधी सुरू करायची, म्हणजे मूळ मुद्दा

तिसऱ्या दिवशी. चट्टा अजून फोटोजेनिक नसतो, फक्त लाली आणि थोडी खरखर दिसायला लागलेली असते, आणि मन म्हणतं अजून थोडं थांबू. थांबायचं नाही. रोग चढत जाऊन साधारण दुसऱ्या आठवड्यात टोकाला जातो आणि तिथून उतरायला लागतो. तुमची ट्रीटमेंट आणि रीडिंग हे दोन्ही या चढाच्या आणि टोकाच्या भागात बसलं पाहिजे, कारण फरक तिथेच दिसतो, उतारावर सगळेच सारखे. तिसऱ्या दिवसापासून सात दिवस रोज एकदा, मग तीन दिवस काहीच न लावता ठेवायचं, आणि मग रीडिंग, म्हणजे साधारण बारा-तेराव्या दिवशी, जेव्हा काहीच न लावलेला ग्रुप सगळ्यात वाईट दिसत असतो.

एक पायलट करून तुमच्या स्ट्रेनचा हा चढउतार आधी काढून घ्या. तीन-चार प्राण्यांवर बुरशी लावा, काही औषध नाही, रोज स्कोअर, ग्राफ काढा. आम्ही दुसऱ्या बॅचच्या आधी हेच केलं आणि आमच्या स्ट्रेनचा टोकाचा दिवस कळला, तो ग्राफ अजून लॅबच्या कपाटावर चिकटवलेला आहे.

ते मधले तीन दिवस का, हे पण समजून घ्या. औषध केसात आणि पापुद्र्यात साठून राहतं, टर्बिनाफाइन तर केरॅटिनमध्ये बराच काळ राहतं. शेवटचं क्रीम लावल्या लावल्या केस उपटून प्लेटवर ठेवले तर केसावरचं औषध प्लेटवरच बुरशी दाबतं, प्लेट कोरी येते, आणि आपण "मायकॉलॉजिकल क्युअर" (म्हणजे बुरशी गेली) लिहून मोकळे. प्रत्यक्षात कातडीत बुरशी जिवंत असते. म्हणून थांबायचं, आणि नमुना घ्यायच्या आधी जागा पुसून घ्यायची.

औषध लावल्यावर गिनीपिग एकमेकांना चाटतात हे लक्षात ठेवा. एका पिंजऱ्यात दोन वेगवेगळे ग्रुप तर कधीच नाहीत. ट्रीटमेंटच्या दिवसांत एकेकटं ठेवावं लागतं, पण हा कळपातला प्राणी आहे, एकटं पडलं की हिरमुसतं, म्हणून पिंजरे असे ठेवा की एकमेकांना दिसतील, आवाज येतील, आणि आत लपायला काहीतरी द्या, खोकं चालतं.

रीडिंग

दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या आणि त्या एकमेकांत मिसळायच्या नाहीत.

पहिलं डोळ्यांनी. ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे थोडी फिकट लाली, २ म्हणजे ठळक लाली, सूज आणि ताठ केस, ३ म्हणजे मोठा भाग लाल, पापुद्रे, खपल्या, टक्कल, ४ म्हणजे याच्यापुढे जाऊन व्रण. कोणता प्राणी कोणत्या ग्रुपचा हे स्कोअर करणाऱ्याला माहीत नसावं, मी दुसऱ्या लॅबच्या मुलीला बोलावतो आणि तिला फक्त पिंजऱ्याचे नंबर देतो. टक्केवारी अशी काढतात: बुरशी लावून काहीच न केलेल्या कंट्रोलच्या सहा प्राण्यांची बेरीज १८ आली आणि तुमच्या जेलची ६, तर १०० वजा (६ गुणिले १०० भागिले १८), म्हणजे साधारण ६७ टक्के परिणाम.

दुसरं केसांची मुळं. चौकोनाचे चार भाग करा, प्रत्येकातून दहा केस चिमट्याने मुळासकट काढा आणि पीडीएवर ठेवा, ३० डिग्रीला एक दिवस, मग मायक्रोस्कोपखाली किती केसांच्या मुळातून धागे फुटलेत ते मोजा. प्रत्येक प्राण्याचे ४० केस, सहा प्राण्यांचे २४०. कंटाळवाणं काम आहे, मान दुखते, पण याच्याशिवाय बाकीचं काही खरं नाही. सोबत पापुद्रा खरवडून केओएच (पोटॅशच्या थेंबात टाकून मायक्रोस्कोपखाली बघणं), आणि बायॉप्सी घेणार असाल तर पीएएस स्टेन, त्यात बुरशी मॅजेंटा रंगात केसाभोवती गुंडाळलेली दिसते.

दोन्ही का लागतात ते स्टेरॉइडच्या उदाहरणावरून बघा. क्लोबेटासॉलवालं क्रीम लावलेल्या गिनीपिगचा डोळ्यांनी केलेला स्कोअर सुंदर उतरतो, लाली गायब, सूज गायब, कारण स्टेरॉइड नेमकं तेच करतं. केस प्लेटवर ठेवा, धागे फुटतातच. म्हणजे जे पेशंटच्या घरी होतं, चार दिवस आराम आणि मग दुप्पट, त्याची सुरुवात तुम्हाला प्लेटवर दिसते. ज्यांच्या जेलमध्ये सूज कमी करणारं काहीतरी आहे, म्हणजे हळद असो की कोरफड, त्यांनी तर नुसत्या स्कोअरवर एक ओळसुद्धा लिहू नये.

स्टॅटिस्टिक्सचं थोडक्यात: ० ते ४ हा स्कोअर म्हणजे वजन किंवा उंची नाही, त्याच्यावर टी टेस्ट लावू नका, क्रमावर चालणाऱ्या टेस्ट लावा, क्रुस्कल-वॉलिस आणि मग मॅन-व्हिटनी. एका प्राण्यावर दोन चौकोन आखून "एन बरोबर बारा" (म्हणजे बारा प्राणी) लिहू नका, प्राणी सहाच आहेत. आणि लिहिताना अराइव्ह गाइडलाइन्स (प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहायचे याच्या सूचना) समोर ठेवा, त्यात प्राण्याची जात, वजन, खाणं, भूल, कोण गाळला आणि का, सगळं मागतात.

हे मॉडेल काय सांगत नाही तेही थिसिसमध्ये स्पष्ट लिहा. तुम्ही घेतलेली बुरशी केसात शिरते, आणि आपल्या पेशंटचं गजकर्ण असतं जांघेतल्या घामट, कमी केसांच्या कातडीवर, वर्षभराचं, स्टेरॉइडने बिघडलेलं. गिनीपिगमध्ये बारा दिवसांत फरक दिसला म्हणजे औषध कातडीत पोचतं आणि बुरशीला तिथे मारतं इतकंच. परत होतं का, घरात पसरतं का, याचं उत्तर त्याच्याकडे नाही.

स्वतःला जपा

ही बुरशी तुम्हाला पण होते, आणि प्राण्यांकडून आलेली असेल तर माणसाला जास्त जोरात होते. ग्लोव्ह, पूर्ण बाह्यांचा गाऊन, मास्क, आणि खोलीतून बाहेर येताना गाऊन आतच. गळालेल्या केसावर बीजाणू महिनोन्महिने जिवंत राहतात, म्हणून पिंजऱ्यातला तूस झाडून कचऱ्यात नाही, पिशवीत बांधून आधी ऑटोक्लेव्ह, मग बाकीचं. टेबल आणि पिंजरे साबणाने धुऊन मग ब्लीच, आधी ब्लीच मारलं तर घाणीतच संपतं. आधी बुरशी न लावलेल्या ग्रुपकडे जायचं, मग बाकीच्यांकडे, उलटं कधी नाही.

हे सगळं मला पाठ होतं तरी दुसऱ्या बॅचला एक गिनीपिग भुलेतून अर्धवट जागा होऊन हातावर चढला, गाऊनची बाही वर सरकलेली होती, आणि आठ दिवसांनी मनगटाच्या वर रुपयाएवढं गोल उठलं, कडा लाल, मध्ये साफ, अगदी टेक्स्टबुक. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "सर, आता तुमचा कंट्रोल कोण?" मी कडेचा पापुद्रा खरवडून केओएच लावलं, धागे दिसले, कल्चरला आमचीच बुरशी आली. तिची एमआयसी माहिती होती, टर्बिनाफाइन चालणार हे पण माहिती होतं, तरी स्किनच्या डॉक्टरकडे गेलो आणि त्यांनी सांगितलं तेवढे दिवस लावलं, चट्टा दिसेनासा झाल्यावरही. रजिस्टरमध्ये अपघाताची नोंद केली, आयएईसीला कळवलं, आणि तेव्हापासून गाऊनच्या बाहीला ग्लोव्हच्या वरून चिकटपट्टी लावल्याशिवाय त्या खोलीत कोणाला सोडत नाही.